दोन एअरपोर्टमधलं अंतर आणि फ्लाइटला लागणारा वेळ: नव्याने बघणाऱ्यांसाठी सगळं एका जागी

दोन एअरपोर्टची नावं टाकली की नेटवर आकडा लगेच येतो, पण प्रत्येक ठिकाणी वेगळा येतो. एक साइट सांगते साडेसहा तास, दुसरी सांगते सात तास दहा मिनिटं, आणि तिकिटावरची सुटायची आणि पोचायची वेळ घेऊन वजाबाकी केली तर तिसरंच काहीतरी निघतं. ओळखीचे लोक मला असे स्क्रीनशॉट पाठवून विचारतात की यातलं खरं कुठलं, आणि बहुतेक वेळा तिन्ही खरे असतात, फक्त तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. एक नुसतं हवेतला वेळ सांगतो, एक गेटपासून गेटपर्यंतचा, आणि तिसऱ्यात दोन देशांच्या घड्याळांचा फरक मिसळलेला असतो. त्यामुळे आकडा दिसला की आधी तो कशाचा आहे ते बघायचं, मग पुढचं सगळं सोपं आहे.

खाली मी स्वतः ज्या क्रमाने बघते तो क्रम दिलाय. गणिताची भीती असेल तर २ नंबरमधला हिशोब सोडून पुढे जा, बाकीचं तरीही कळेल.

काय काय जवळ ठेवायचं

- दोन्ही एअरपोर्टचे तीन अक्षरी कोड
- दोन्हींचे अक्षांश-रेखांश (हिशोब स्वतः करणार असाल तरच)
- साइन-कोसाइनची बटणं असलेलं कॅल्क्युलेटर, मोबाइलमधलं आडवं धरल्यावर उघडतं ते चालतं
- प्रवासाची नक्की तारीख, नुसता महिना नको, का ते ७ नंबरमधे येईल
- फ्लाइट नंबर, तिकीट काढलं असेल तर

१. आधी एअरपोर्ट नक्की करा, शहर नाही

शहराचं नाव टाकून अंतर शोधलं की साइट स्वतःच्या मनाने एखादा एअरपोर्ट धरते नाहीतर शहराच्या मध्यापासून मोजते. मोठ्या शहरांना एकापेक्षा जास्त एअरपोर्ट असतात. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, लूटन, सिटी असे बरेच आहेत, न्यूयॉर्कच्या बाजूला जेएफके, लाग्वार्डिया आणि नेवार्क, टोकियोला हानेदा आणि नारिता. हवेतल्या अंतरात याने थोडाच फरक पडतो पण जमिनीवर खूप पडतो, कारण नारिता टोकियोच्या मध्यभागापासून साधारण ६० किमी लांब आहे आणि हानेदा जवळच आहे.

दुसरा सापळा सारख्या नावांचा. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे, आणि लोक खरोखर चुकीच्या सिडनीला पोचलेले आहेत. सॅन होजे कोस्टा रिकाची राजधानी आहे आणि त्याच स्पेलिंगचं शहर कॅलिफोर्नियातही आहे. बर्मिंगहॅम इंग्लंडमधे आणि अमेरिकेतल्या अलाबामातही. म्हणून सगळीकडे कोडच टाकायची सवय लावा. ऑस्ट्रेलियाच्या सिडनीचा कोड एसवायडी, कॅनडातल्या सिडनीचा वायक्यूवाय, यात गोंधळ व्हायला जागाच नाही.

अजून एक बारीक गोष्ट, काही कोड पूर्ण शहराचे असतात. एलओएन म्हणजे लंडनमधला कुठलाही एअरपोर्ट, एनवायसी म्हणजे न्यूयॉर्कचा कुठलाही. तिकीट शोधताना हे बरं पडतं पण अंतर काढताना एलएचआर (हीथ्रो), जेएफके असा नेमका कोड घ्या. काही ठिकाणी चार अक्षरी कोड दिसेल, तो पायलट आणि कंट्रोलवाले वापरतात, एअरपोर्ट तोच असतो.

२. सरळ अंतर काढा, पण सपाट नकाशावर पट्टी लावून नाही

पृथ्वी गोल आहे, म्हणून दोन जागांमधला सगळ्यात जवळचा रस्ता गोलावरून जातो, त्याला ग्रेट सर्कल म्हणतात. भिंतीवरच्या नकाशात हाच रस्ता वाकडा, ध्रुवाकडे उचललेला दिसतो आणि मग लोक विचारतात की विमान इतकं वर कशाला जातं. घरात पृथ्वीचा गोल असेल तर न्यूयॉर्क आणि हाँगकाँगवर दोऱ्याची टोकं धरा आणि ताणा, दोरा उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जाईल. तो सरळच रस्ता आहे, साधारण १३ हजार किमीचा.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ग्रेट सर्कल मॅपरसारखी साइट, दोन कोड टाकले की अंतर आणि नकाशावर रेघ दोन्ही मिळतं. बहुतेकांचं काम इथेच होतं.

ज्यांना स्वतः करून बघायचंय त्यांच्यासाठी दुबई ते सिंगापूर करून दाखवते. दुबई एअरपोर्ट २५.२५ उत्तर, ५५.३६ पूर्व. सिंगापूरचा चांगी १.३६ उत्तर, १०३.९९ पूर्व. कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे ना ते आधी बघा. आता दोन्ही अक्षांशांचे साइन काढून गुणा, ०.०१०१ येतं. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांमधल्या फरकाचा म्हणजे ४८.६३ चा कोसाइन, हे तिन्ही गुणा, ०.५९७६ येतं. दोन्हींची बेरीज ०.६०७७. याचा उलटा कोसाइन काढला की ५२.५७ अंश मिळतात, आणि पृथ्वीवरचा एक अंश म्हणजे साधारण १११.२ किमी, म्हणून गुणाकार केला की ५८४६ किमी. झालं. हेच सपाट कागदासारखं धरून पायथागोरसने केलं असतं तर ६०२५ आले असते, म्हणजे १८० किमी उगाच जास्त, आणि जसजसे विषुववृत्तापासून लांब जाल तसतशी ही चूक मोठी होत जाते.

स्वतः करताना चुका ठरलेल्या जागी होतात:

एक्सेलसारख्या शीटमधे साइन-कोसाइन डिग्री घेत नाहीत, रेडियन घेतात (कोन मोजायचं दुसरं एकक), तिथे आधी बदलून घ्यायला लागतं. उत्तर अगदीच विचित्र आलं तर नव्वद टक्के हेच कारण धरा.

अक्षांश ५१ अंश २८ मिनिटं असा लिहिलेला असेल तर तो ५१.२८ नाही. अंशाची ६० मिनिटं असतात, २८ ला ६० ने भागा, ५१.४७ होतं.

आणि पश्चिम रेखांश, दक्षिण अक्षांश यांना वजा चिन्ह लागतं. हे जरा नीट बघा कारण ही चूक कधीकधी लपून बसते. जेएफकेचा रेखांश वजा ७३.७८ आहे. वजा विसरलात तर तुमचं न्यूयॉर्क थेट किरगिझस्तानात जाऊन पडतं. आता लंडनपासून मोजत असाल तर खरं उत्तर ५५४० आणि चुकीचं ५६०० येतं, कारण लंडन शून्य रेखांशाच्या अगदी जवळ आहे, दोन्हीकडे जवळपास सारखंच अंतर. ६० किमीचा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही, सगळं बरोबर आहे असंच वाटतं. तीच शीट सिंगापूर-न्यूयॉर्कसाठी वापरली की १५,३४० च्या जागी ५३२० येतात आणि मग कळतं. म्हणून शीट बनवली तर एक जोडी पूर्वेकडची, एक पश्चिमेकडची आणि एक दक्षिण गोलार्धातली टाकून बघा आणि मगच तिच्यावर विसंबा. प्रोग्रामच लिहिणार असाल तर वरच्या सूत्राऐवजी हॅवर्साइन नावाचं सूत्र वापरा, जवळजवळच्या दोन जागांसाठी ते जास्त भरवशाचं आहे.

दोन साइटवर पाच-पंधरा किमी इकडे तिकडे दिसले तर काळजी करू नका. काही साइट पृथ्वी पूर्ण गोल धरतात, त्रिज्या ६३७१ किमी, आणि काही ती ध्रुवांकडे थोडी चपटी आहे हे धरतात. हीथ्रो-जेएफके पहिल्या पद्धतीने ५५४० येतं आणि दुसऱ्या पद्धतीने ५५५५ च्या आसपास. दोन्ही वापरायला ठीक आहेत.

फरक फार मोठा दिसला तर मात्र एकक बघा. विमानवाले नॉटिकल मैल वापरतात, तो १.८५२ किमीचा. साधा मैल १.६०९ किमीचा. कुठे नुसतं मैल लिहिलेलं असतं आणि कुठला ते लिहिलेलंच नसतं. हीथ्रो-जेएफके साध्या मैलात ३४५० च्या आसपास आणि नॉटिकलमधे ३००० च्या आसपास, यावरून ओळखता येतं की समोरची साइट काय देतेय. आणि एक ढोबळ तपासणी, पृथ्वीचा घेर साधारण ४० हजार किमी आहे म्हणजे कुठल्याही दोन एअरपोर्टमधलं सरळ अंतर २० हजाराच्या वर जाऊच शकत नाही. गेलं तर हिशोब चुकलाय.

हे सरळ अंतर कागदोपत्रीही उपयोगी पडतं. युरोपियन युनियनच्या २६१ नंबरच्या नियमात फ्लाइट लेट झाल्यावरची भरपाई अंतराच्या टप्प्यांवर ठरते, १५०० आणि ३५०० किमीवर, आणि अंतर ग्रेट सर्कलनेच मोजायचं असं नियमातच लिहिलंय. एकाच बुकिंगवर मधे विमान बदललं असलं तरी पहिल्या आणि शेवटच्या एअरपोर्टमधलं सरळ अंतर धरतात, दोन तुकड्यांची बेरीज नाही.

३. विमान खरं किती उडतं

सरळ अंतर हे कमीत कमी अंतर. विमान त्याच्यापेक्षा थोडं जास्तच उडतं, कारण टेकऑफनंतर वळायला लागतं, उतरताना रांगेत यायला लागतं, ठरलेल्या हवाई मार्गांनी जावं लागतं. आयसीएओ म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, तिची विमानप्रवासाचा कार्बन मोजायची पद्धत आहे, तिच्यात यासाठी सरळ अंतरात ठरावीक भर घालतात: ५५० किमीपर्यंत ५० किमी, ५५०० पर्यंत १०० किमी आणि त्याच्यावर १२५ किमी. अंदाजासाठी मी हेच आकडे घेते.

पण काही मार्गांवर हे अजिबात लागू होत नाही आणि तिथेच लोकांचा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो. हेलसिंकी-टोकियो बघा. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत ही फ्लाइट रशियावरून साधारण साडेनऊ तासात जायची. फेब्रुवारी २०२२ मधे युक्रेनवर हल्ला झाल्यावर रशियाचं आकाश युरोपियन कंपन्यांना बंद झालं आणि वेळ गेला १३ तासांच्या आसपास, काही फ्लाइट तर उत्तर ध्रुवावरून जायला लागल्या. सरळ अंतर मीटरनेही बदललेलं नाही. नुसतं अंतर बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. शिवाय असे निर्बंध सगळ्या कंपन्यांना सारखे नसतात, एका देशाच्या कंपनीला वळसा पडतो आणि दुसऱ्या देशाची कंपनी त्याच दोन शहरांमधे सरळ जाते. म्हणून अशा मार्गांवर कंपनीनुसार वेळ बघा.

बाकीची कारणं थोडक्यात सांगते. तिबेटच्या पठारावरून मार्ग कमी असतात, कारण केबिनमधला दाब गेला तर विमानाला लगेच खाली यावं लागतं आणि तिथे खाली यायला जागाच नाही, डोंगरच तितके उंच. मोठ्या समुद्रावर दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तरी ठरलेल्या मिनिटांत एखाद्या एअरपोर्टला पोचता येईल अशाच मार्गाने जायला लागतं. आणि उत्तर अटलांटिकवरचे मार्ग रोज वाऱ्याप्रमाणे नव्याने आखले जातात, कालची फ्लाइट आणि आजची फ्लाइट शेकडो किमी अंतरावरून जाऊ शकते.

४. किलोमीटरचे तास करा

जेट विमान वर स्थिर झालं की ताशी ८३० ते ९१० किमीच्या आसपास जातं. छोट्या अंतराची ए३२०, ७३७ ही थोडी हळू, लांब पल्ल्याची ७८७, ए३५० थोडी जोरात, पण फरक फार नाही. खरा वेळ चढण्यात आणि उतरण्यात जातो, तेव्हा वेग कमी असतो.

ढोबळ सूत्र असं धरा: सरळ अंतर भागिले ८५०, अधिक अर्धा तास.

दुबई-सिंगापूर ५८४६ भागिले ८५० म्हणजे ६.८८ तास, अधिक अर्धा तास, साधारण ७ तास २५ मिनिटं. टाइमटेबलमधे याच्याच आसपास वेळ असते. सिंगापूर-सिडनी ६३०० किमी, म्हणजे ७ तास ५५ मिनिटं, तेही जमतं. छोट्या मार्गांवर मात्र टाइमटेबलची वेळ या सूत्रापेक्षा थोडी जास्त दिसते, सिडनी-मेलबर्न ७०५ किमी आहे, सूत्राने १ तास २० येतात आणि तिकिटावर १ तास ३५ च्या आसपास असतात. ते का ते ६ नंबरमधे बघू.

सूत्र फक्त जेटसाठी आहे. पंख्याची विमानं, म्हणजे एटीआर ७२ वगैरे, ताशी ५०० किमीच्या आसपास जातात, त्यामुळे ५०० किमीच्या फ्लाइटला जेटपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतात. बुकिंग करताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो तो बघून घ्या. आणि अगदीच छोट्या विमानांना कुठलंच सूत्र लागू नाही, स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधे वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही २.७ किमीची नियमित फ्लाइट आहे, टाइमटेबलमधे तिची वेळ २ मिनिटं आहे!

५. जाताना एक वेळ, येताना दुसरी

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. अंतर तेच, विमान तेच, मग जायला आठ तास आणि यायला सात का? तर उंचावर, विमानं उडतात साधारण त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला. हिवाळ्यात ते जास्त जोरात असतात, ताशी २०० किमीच्याही वर जातात. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला वारा पाठीवर, पश्चिमेकडे जाणाऱ्याला तोंडावर.

फेब्रुवारी २०२० मधे कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी त्याच मार्गाला साडेसहा-सात तास लागतात.

लोकांना वाटतं की जाताना गेलेला वेळ येताना परत मिळतो, हिशोब सारखाच. तसं होत नाही. ५५५० किमी, विमानाचा वेग ९००, वारा १५० धरा. वाऱ्यासोबत वेग १०५०, वेळ ५ तास १७. वाऱ्याविरुद्ध वेग ७५०, वेळ ७ तास २४. बेरीज १२ तास ४१. वारा नसताच तर दोन्ही मिळून १२ तास २० लागले असते. म्हणजे २१ मिनिटं गेलीच, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं.

पूर्व-पश्चिम लांबच्या प्रवासाला मी ४ नंबरच्या सूत्रात पूर्वेकडे जाताना अर्धा तास कमी आणि पश्चिमेकडे जाताना अर्धा-पाऊण तास जास्त धरते, हिवाळ्यात जरा अजून. उत्तर-दक्षिण प्रवासाला आणि विषुववृत्ताजवळ हे फारसं लागत नाही, म्हणून दुबई-सिंगापूरला जायचा-यायचा वेळ जवळजवळ सारखा असतो.

६. तिकिटावरचा वेळ म्हणजे गेट ते गेट

तिकिटावर सुटायची वेळ असते ती टेकऑफची नसते. गेटवरून विमान मागे ढकलतात ती वेळ असते. तसंच पोचायची वेळ म्हणजे चाकं जमिनीला टेकली ती नाही, गेटला लागून उभं राहिलं ती. मधे रनवेपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर परत गेटपर्यंत येणं हे सगळं त्याच्यात आलं.

हे किती असू शकतं ते बघा. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल एअरपोर्टला पोल्डरबान नावाचा रनवे आहे, २००३ मधे सुरू झाला, टर्मिनलपासून इतका लांब की उतरल्यावर गेटला यायला पंधरा मिनिटं सहज लागतात, विमान वाटेत मोटरवेवरच्या पुलावरून जातं आणि खिडकीतून खाली गाड्या दिसतात. त्याच दिवशी तीच फ्लाइट दुसऱ्या रनवेवर उतरली तर पाच मिनिटांत गेटला. कुठला रनवे मिळेल ते वाऱ्यावर आणि गर्दीवर ठरतं, कंपनीला आधी माहीत नसतं, म्हणून टाइमटेबलमधे ती थोडी जागा ठेवते. हीथ्रोसारख्या भरलेल्या एअरपोर्टला उतरण्याआधी विमानांना आकाशात गोल फिरवत ठेवतात, त्याचाही वेळ धरलेला असतो.

म्हणून फ्लाइट अर्धा तास उशिरा सुटूनही वेळेवर पोचते. आणि म्हणूनच ट्रॅकिंग साइटवर ६ तास २० दिसतात आणि तिकिटावर ७ तास, पहिला आकडा हवेतला, दुसरा गेट ते गेट. तुमचं प्लॅनिंग दुसऱ्यावर करा.

७. घड्याळाचा हिशोब, इथे घाई करू नका

तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात. सुटायची वेळ सुटायच्या गावाची, पोचायची वेळ पोचायच्या गावाची. सरळ वजाबाकी करायचीच नाही.

दुबई यूटीसीच्या (सगळ्या जगाची घड्याळं जिच्यावरून मोजतात त्या वेळेच्या) ४ तास पुढे, सिंगापूर ८ तास पुढे. साडेसात तासांची फ्लाइट धरा. दुबईहून पहाटे ३ ला सुटली तर सिंगापूरला दुपारी २.३० ला पोचेल, वजाबाकीत साडेअकरा तास दिसतात. येताना सकाळी १० ला सुटली तर दुबईला दुपारी १.३०, वजाबाकीत साडेतीन तास. फ्लाइट दोन्ही वेळा साडेसात तासांचीच आहे.

पद्धत एकच ठेवा. दोन्ही वेळा आधी यूटीसीमधे करा आणि मग वजाबाकी. ३ वाजता वजा ४ म्हणजे आदल्या रात्रीचे ११, १४.३० वजा ८ म्हणजे ६.३०, मधे साडेसात तास. भारतासारखे देश साडेपाच तास पुढे आहेत, नेपाळ पावणेसहा, तिथे तोंडी हिशोब न करता कागदावर लिहा.

आता तारीख का लागते ते. बरेच देश उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात पण सगळे एकाच दिवशी करत नाहीत. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे, ब्रिटन आणि युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. त्यामुळे लंडन-न्यूयॉर्कमधे एरवी ५ तासांचा फरक असतो तो मार्चमधे दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा फक्त ४ तासांचा असतो. ऑस्ट्रेलियात तर उन्हाळा उलट, म्हणून सिडनी-लंडनचा फरक वर्षभरात ९, १० आणि ११ असा तिन्ही होतो. जपान, चीन, सिंगापूर, भारत, यूएई हे घड्याळ हलवत नाहीत. शिवाय विमान कंपन्यांचं टाइमटेबलही मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, म्हणून मित्राने जूनमधे केलेल्या प्रवासाची वेळ डिसेंबरसाठी धरू नका.

तारखेचं अजून एक. तिकिटावर पोचायच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात अधिक १ असेल तर दुसऱ्या दिवशी पोचणार. ते इतकं बारीक असतं की नजरेतून सुटतं आणि हॉटेलचं बुकिंग एक दिवस आधीचं होतं. आणि पॅसिफिक ओलांडताना उलटं होतं: टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालात, १० तास उडालात, तर हिवाळ्यात लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी १० ला पोचता, म्हणजे निघालात त्याच्याही आधी. तिकिटात चूक नाही, मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली. परत जाताना तो दिवस जातो, तेव्हा सुट्टी मोजताना लक्षात असू द्या.

८. मधे थांबा असेल तर

डायरेक्ट लिहिलंय म्हणजे न थांबता जाणार असं नाही. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, वाटेत उतरू शकते. क्वांटासची क्यूएफ १ हा एकच नंबर घेऊन सिडनीहून सिंगापूरला थांबत लंडनला जाते. न थांबता हवी असेल तर नॉनस्टॉप हाच शब्द शोधा.

विमान बदलायचं असेल तर अंतर प्रत्येक तुकड्याचं वेगळं काढा आणि बेरीज करा, पण वेळ मात्र पहिल्या सुटण्यापासून शेवटच्या पोचण्यापर्यंत यूटीसीमधे. मधल्या शहराचा टाइम झोन यात लागतच नाही, थांबा किती तासांचा ते बघायला तिथल्याच दोन स्थानिक वेळांची वजाबाकी पुरते.

प्रत्येक एअरपोर्टला कनेक्शनसाठी कमीत कमी किती वेळ हवा ते ठरलेलं असतं आणि एकाच बुकिंगवर साइट त्याच्यापेक्षा कमी देत नाही. दोन वेगळी तिकिटं स्वतः जोडलीत तर मात्र हे कोणी तपासत नाही. पहिली लेट झाली आणि दुसरी गेली तर दुसऱ्या कंपनीची जबाबदारी नाही, सामान बाहेर काढून परत चेक-इन करायला लागतं, त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. माझं स्पष्ट मत, वेगळी तिकिटं असतील तर मधे चार-पाच तासांपेक्षा कमी ठेवूच नका, आणि दोन्ही फ्लाइट त्याच एअरपोर्टच्या आहेत ना ते कोडवरून परत बघा. नारिताला उतरून हानेदाहून निघणं म्हणजे मधे पूर्ण शहर ओलांडणं.

९. निघायच्या आधी खरी वेळ तपासा

फ्लाइट नंबर हातात असेल तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर टाका, मागच्या काही दिवसांत तीच फ्लाइट किती वाजता सुटली आणि किती वाजता पोचली ते दिसतं. टाइमटेबलपेक्षा हे जास्त खरं. एखादा खराब दिवस सोडून द्या, बाकीचे दिवस बघा. रोजच चाळीस मिनिटं लेट होत असेल तर पुढचं कनेक्शन त्या हिशोबाने ठेवा.

घरापासूनचा पूर्ण वेळ काढताना एअरपोर्टला पोचण्यासाठी देशातल्या फ्लाइटला दोन तास आणि परदेशी फ्लाइटला तीन तास आधी धरा, काउंटर सुटायच्या ४५ ते ६० मिनिटं आधी बंद होतो आणि गेट त्यानंतर थोड्या वेळाने. उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान मिळून परदेशात एक तास तरी धरा.

न्यायला कोणी येणार असेल तर त्यांना नुसतं अमुक तासांची फ्लाइट आहे असं सांगू नका. फ्लाइट नंबर, पोचायची तिथली स्थानिक वेळ, तिथली तारीख, एअरपोर्टचा कोड आणि टर्मिनल, एवढं एका मेसेजमधे पाठवा. फ्लाइट नंबर असला की विमान हवेत असतानाही ते स्वतः बघू शकतात, वाऱ्यामुळे अर्धा तास आधी येतंय की लेट होतंय ते, आणि त्याप्रमाणे निघू शकतात.